पंप तेवढा राहू दिला

क्षिप्रानं वायरिंगचा गुंडाळा पायानं लोटला. तो उलगडत गेला आणि ऑइलच्या डबक्यात जाऊन थांबला.

*

पावण्याच्या नाक्यावर एक ड्रायव्हर टँकरच्या सावलीत बसून कलिंगड खात होता. बिया नेम धरून टायरवर थुंकत होता.

*

लॅपटॉपमधल्या एका फाइलचं नाव: बाबा_फायनल_आता_खरंच_फायनल.

*

"बाय, चा घे आदी. मंग भांड."

*

कामोठ्यात, बी विंगच्या खांबामागे, गाडीचं कव्हर घडी करून ठेवलेलं. उडू नये म्हणून वर एक वीट. गाडी नाही.

*

पाव फेरा. त्याहून जास्त नाही. पाव फेरा फिरवायचा, थांबायचं, ऐकायचं.

*

हे सगळं एकाच शनिवारचं आहे. क्रम असा नव्हता, पण क्षिप्राला पुढे ते असंच आठवत राहिलं, कारण रागात माणसाला क्रम लागत नाही.

क्रमानं सांगायचं तर आधी वीट. क्षिप्रा पुण्याहून सकाळी निघून कामोठ्याला आली, आपली गाडी पार्किंगमध्ये लावताना तिनं ती वीट पाहिली, आणि वर न जाता खालूनच आईला फोन केला.

"बाबा कुठंयत?"

"पावण्याला. हिरामणकडे." जयमाला जरा थांबली. "गाडीचं काहीतरी किरकोळ काम आहे म्हणाले. तू वर ये, पोहे झालेत."

"किरकोळ म्हणजे काय?"

"मला काय कळतं त्यातलं? तू वर ये आधी."

ती वर गेली नाही. गाडी तशीच पावण्याकडे वळवली.

बाबांची, म्हणजे मधुकरची, फियाट क्षिप्राच्या जन्माआधीची. मूळ इंजिन संपलं होतं. बोअर करून करून त्याच्यात घासायला काही उरलं नव्हतं. आदल्या वर्षी बापलेकीनं मिळून त्यात नव्या जमान्याचं एक मारुतीचं इंजिन बसवलं. गिअरबॉक्सला जोडायची प्लेट मधुकरनं स्वतः आखली, हिरामणनं कापली. आणि पेट्रोलचा सगळा कारभार क्षिप्राचा. पुण्याच्या कंपनीत ती पगार घेऊन तेच करायची: इंजिनानं कुठल्या क्षणी किती पेट्रोल प्यायचं, ठिणगी कधी पडायची, हे आकड्यांत लिहायची. फियाटसाठी तिनं ते रविवारी केलं, पगाराशिवाय. मधुकर चालवायचा, ती शेजारी बसून कळंबोली ते पनवेल, पनवेल ते कळंबोली, मांडीवर लॅपटॉप. थंड इंजिन, गरम इंजिन, चढ, उतार, एसी नाही, चौघं बसलेले, एकटे बाबा. प्रत्येकाचे आकडे वेगळे, आणि सगळ्यांचा मिळून एक मॅप, लॅपटॉपमधली ती फाइल. चावी फिरवली की गाडी पहिल्या झटक्यात सुरू व्हायची. चोक ओढायला नको, पेडल मारायला नको. त्या दिवशी मधुकर म्हणाला होता, "छान." एवढंच. त्याचं छान म्हणजे पुष्कळ असतं असं तिला वाटलं होतं.

हिरामणचा गाळा पावणे गावठाणाच्या कडेला. त्याच्या वडिलांची भातशेती जिथं होती तिथं आता कारखाने, आणि शेताचा जो कोपरा मोजणीत चुकून राहून गेला त्यावर हा पत्र्याचा गाळा. शेजारच्या गाळ्यात गेट आणि ग्रिल बनवत होते. ग्राइंडरच्या ठिणग्या मधल्या जाळीतून इकडे येऊन विझत होत्या.

फियाटचं बॉनेट उघडं होतं. ठिणगी पाडायला कुठला तरी जुना डिस्ट्रिब्युटर बसवलेला. बाकड्यावर वर्तमानपत्र अंथरून तिचं सगळं काम मांडून ठेवलेलं: चार इंजेक्टर, त्यांची नळी, कंप्युटरचा डबा, रेग्युलेटर, इंजिनावरचे सेन्सर. स्वच्छ पुसलेले. मयताचे दागिने उतरवून ठेवावेत तसे. आणि इंजिनाच्या उरावर, वेल्डिंगचे टाके ओले वाटावेत इतक्या नव्या मॅनिफोल्डच्या नळ्यांवर, एक जुना कार्बुरेटर.

तेव्हा तिनं गुंडाळा लोटला.

"बाय," हिरामण म्हणाला, "चा घे आदी. मंग भांड." तो मधुकरच्याच वयाचा, गळ्यात टॉवेल, बोटांची नखं कायमची काळी. "बैस. आज तुर्भ्याच्या बाजूनी सरलेल्या अंड्यांसारका वास सुटलाय नुसता, डोका उठतं."

"हो ना, सकाळपासून," मधुकर म्हणाला.

"बाबा, हे काय केलंत?"

"कार्बुरेटर बसवला."

"ते दिसतंय!"

"मग विचारतेस कशाला?"

तो वर न बघता बोलत होता. हातात लांब स्क्रूड्रायव्हर, कारखान्यातून निवृत्त झाल्यावरही फक्त कामाला घालायचा तो निळा शर्ट, खिसा उसवलेला.

"विचारायचं तरी होतं मला."

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"अर्थात नाही म्हटलं असतं!"

"म्हणून नाही विचारलं."

हिरामण हसला आणि तिच्याकडे पाहून त्यानं हसू गिळलं.

"हिरामणकाका, तुम्ही तरी सांगायचं ना. माझा नंबर आहे तुमच्याकडे."

"मी सांगतलेला त्याला. पोरीला इचार म्हनून. तुजा बापूस आयकतो का कुनाचा?"

"लोक कार्बुरेटर काढून इंजेक्शन बसवतात, बाबा. आख्ख्या जगात. तुम्ही एकटे उलटे."

"असेन."

"एक वर्ष! माझे सगळे रविवार घातले मी यात. तुमच्यासाठी. आणि तुम्ही ते पेपरवर मांडून ठेवलंत. भंगारवाल्याला द्यायला?"

"पुसून ठेवलंय," मधुकर म्हणाला. "घेऊन जा. दुसऱ्या कुठल्या गाडीला होईल."

हे ऐकून तिनं हिरामणनं दिलेला चहाचा कप बाकड्यावर असा आपटला की कान तुटून तिच्या बोटात राहिला. कपाचा कान. तो तिनं खिशात टाकला, का ते तिला कळलं नाही.

*

आता मधुकरचं. तो सलग असा फक्त एकदाच बोलला, आणि तेही स्क्रूड्रायव्हर पुसता पुसता.

"खारघरच्या पुलाखाली बंद पडली होती. मार्चमध्ये."

"आठवतंय. सेन्सर गेला होता. मी फोनवर सांगितलं ना लगेच."

"तू सांगितलंस, लॅपटॉप लावा. लॅपटॉप तुझ्याकडे, पुण्यात." त्यानं पातं उजेडाकडे धरलं. "मी बॉनेट उघडून उभा होतो. हातात पाना होता. एक रिक्षावाला थांबला, म्हणाला, काका, काय झालं? मला सांगता येईना. माझ्या गाडीला काय झालं ते मला सांगता येईना, क्षिप्रा. तो म्हणाला, काका, मेकॅनिकला बोलवा."

"मग? बोलवायचा. त्यात काय एवढं?"

मधुकरनं तिच्याकडे पाहिलं. मग हिरामणकडे. मग स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवला.

"उद्या महाडला जायचंय. तुझ्या मामाची साठीशांत आहे. तुझी आई आणि मी याच गाडीनं जाणार. वाटेत काही झालं तर माझं मला करता आलं पाहिजे. जेटचं भोक साफ करायचं, फुंकर मारायची, स्क्रूनं हवा-पेट्रोलचं मिक्श्चर सेट करायचं. पाव फेरा. नाकानं." त्यानं नाकपुडीला बोट लावलं. "मशीन लागत नाही त्याला. जास्त पेट्रोल असलं की नाकाला झोंबतं. कारखान्यात सगळे बोलवायचे मला. मधुकरला वास घ्यायला बोलवा."

"कारखाना वेगळा."

"नाक तेच आहे."

"आईला घेऊन नाही जायचं यातून. मी नाही जाऊ देणार."

"तू कोण नाही जाऊ देणारी?"

ग्राइंडर थांबला होता. त्यामुळे हे वाक्य गाळ्यात फार मोठं झालं. हिरामण एकाएकी एका रिकाम्या डब्यात काहीतरी शोधू लागला.

"ठीक आहे," क्षिप्रा म्हणाली. "चालू करून दाखवा. माझ्यासमोर. एकदा जागच्या जागी, आयडलिंगला, नीट चालू राहिली तर मी एक शब्द बोलणार नाही."

"बस आत. मार स्टार्टर."

*

ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली. दार इतक्या जोरात ओढलं की काच खडखडली. बॉनेट वर असल्यामुळे समोर नुसता पत्रा. खालच्या फटीतून बाबांचा निळा शर्ट तेवढा दिसत होता. हिरामण मागे गेला, सायलेन्सरपाशी.

तिनं चावी अर्धी फिरवली.

मागून, टाकीतून, आवाज आला. बारीक, उंच, एकसुरी गुणगुण. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. तिनंच तो टाकीत बसवला होता. पण त्या क्षणी ती इतकी चिडलेली होती की ओळख पटायला वेळ लागला, आणि तोवर तिनं चावी पूर्ण फिरवली होती.

इंजिन पकडलं, अडखळलं, पुन्हा पकडलं. गाडी थरथरू लागली.

"काला धूर!" हिरामण मागून ओरडला. "भाऊ, काला धूर मारते!"

मग वास. डॅशबोर्डच्या फटींतून, पायांखालून, कच्च्या पेट्रोलचा. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. गुणगुण चालूच होती, आणि आता तिला कळलं ती काय आहे. इंजेक्शनचा पंप. कार्बुरेटरला पेट्रोल नळाच्या थेंबासारखं लागतं. त्याच्या पोटातला फ्लोट आणि बारीकशी सुई तेवढंच अडवू शकतात. हा पंप फायर ब्रिगेडच्या नळीसारखा मारतो. दाब धरून ठेवणारा रेग्युलेटर तर तिकडे बाकड्यावर, पेपरवर, पुसून ठेवलेला.

ती धडपडत बाहेर आली.

कार्बुरेटरच्या पलीकडच्या बाजूनं पेट्रोल ओघळत होतं. मॅनिफोल्डवरून खाली, एक्झॉस्टच्या पाइपापासून वीतभर अंतरावर. अलीकडून ते दिसत नव्हतं. मधुकर अलीकडे उभा होता. तो वाकला होता, डोळे मिटून, चेहरा कार्बुरेटरच्या अगदी वर, आणि तो श्वास आत ओढत होता. खोल, सावकाश. अत्तराच्या दुकानात माणूस घेतो तसा.

"बघ," तो डोळे न उघडता म्हणाला. "एकदम बरोबर. कळतंय का? नाकाला जरासुद्धा झोंबत नाही."

क्षिप्रा गर्रकन वळली. ती पुन्हा आत गेली, चावी काढली. बाहेर आली, बॅटरीची वायर उपसली. हाताचं सालटं निघालं. जाळीपलीकडे ग्राइंडर हातात घेतलेल्या माणसाकडे बघून ती ओरडली, "बंद! बंद ठेव! पेट्रोल आहे इकडे!" आणि तो माणूस मशीन खाली ठेवून बाहेरच पळाला.

मग शांतता. ठिबक, ठिबक.

"पंप कुठला ठेवलात?" तिचा आवाज चिरकला. "पंप कुठला आहे हा?"

"तुझाच." मधुकर गोंधळून बघत होता. "नवा कोरा पंप. चालू पंप काढून कोण फेकतं? म्हटलं राहू दे."

"राहू दे! सगळं उपटलंत, मॅप उपटलात, वायरिंग उपटलंत, आणि पंप तेवढा राहू दिलात? फेकवत नाही म्हणून? आग लागली असती! उद्या कर्नाळ्याच्या चढावर आईसकट—" तिनं बाकड्यावरचं फडकं ओढलं. "आणि वर डोळे मिटून सांगता बरोबर आहे म्हणून! एवढा वास सुटलाय! रस्त्यावरच्या माणसाला येतोय! तुम्हाला—"

ती थांबली.

तिच्या हातात फडकं होतं, सांडलेलं पुसायला उचललेलं. ते तिनं मधुकरच्या तोंडासमोर धरलं.

"कशाचा वास येतोय?"

मधुकरनं फडक्याकडे पाहिलं नाही. त्यानं हिरामणकडे पाहिलं.

आणि हिरामण, टॉवेलानं डोळे पुसत, पत्र्याकडे बघून म्हणाला, "काय हा पेट्रोल! डोलं झोंबतात माजं."

"पेट्रोलचा," मधुकर म्हणाला. "आणखी कशाचा येणार?"

*

ती आल्यापासून हिरामण वास मोठ्यानं बोलून दाखवत होता. तुर्भ्याच्या बाजूनी सरलेल्या अंड्यांसारका.

गेल्या दिवाळीत आंबलेलं श्रीखंड सगळ्यांनी बाजूला सारलं. बाबांनी दोनदा घेतलं. छान झालंय म्हणाले.

आजारपणानंतर, तापाच्या साथीच्या त्या वर्षी, ते म्हणाले होते, चव परत आली. वासाबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

छान.

*

फडकं अजून दोघांच्या मध्ये होतं. तिला आणखी विचारता आलं असतं. बाकड्यावर डिझेलचा डबा होता, थिनर होतं, चहाचं पातेलं होतं. हिरामणला बाहेर पाठवून एकेक समोर धरता आलं असतं. तिला तसं करायचं होतं. तिच्या मनगटात तो राग अजून ठणकत होता. आता तो गाडीचा राहिला नव्हता, आणि म्हणून तो कुठे ठेवायचा ते तिला कळत नव्हतं.

मधुकर उभा होता. उसवलेल्या खिशात त्याचा हात स्क्रूड्रायव्हरची मूठ घट्ट धरून होता. तो वाट बघत होता. खारघरच्या पुलाखाली असाच उभा राहिला असेल.

तिनं फडकं खाली घेतलं आणि मॅनिफोल्ड पुसायला लागली.

"काका, कमी दाबाचा पंप मिळेल कुठं? जुन्या व्हॅनचा वगैरे."

"तुर्भ्याला भेटंल. आनतो." हिरामण चपला घालायच्या आधीच दारात होता.

"आणि नळी नवी. आणि फिल्टर काचेचा. पारदर्शक."

टाकी उघडून पंप तिनंच काढला. मधुकरनं मदतीला हात पुढे केला तेव्हा ती म्हणाली, "राहू द्या," आणि ते तिला वाटलं त्यापेक्षा कडवट निघालं. मग थोड्या वेळानं म्हणाली, "टॉर्च धरा." त्यानं धरली. हिरामण घेऊन आलेला पंप बसला. दोघं एकमेकांशी फक्त पान्यांच्या नंबरांत बोलत होते.

ते झाल्यावर ती रस्त्यावर उभ्या केलेल्या आपल्या गाडीपाशी गेली आणि डिकीतून एक गोल मीटर घेऊन आली. कामावर वापरायचं, तिचं स्वतःचं.

"हे काय आता?"

"मीटर. सायलेन्सरच्या पाइपातला माझा सेन्सर तुम्ही काढलेला नाही. तो याला जोडते. आकडा बाराच्या खाली गेला तर पेट्रोल जास्त. पंधराच्या वर गेला तर कमी."

"मला नको. मी नाकानं—"

"तुमच्यासाठी नाहीये." ती डॅशबोर्डखाली आडवी होती, आवाज तिथून आला, चिडलेलाच. "माझ्यासाठी आहे. मला पुण्यात बसून टेन्शन नकोय. मला आकडे लागतात. तुम्ही बघू नका हवं तर."

मधुकरनं पुसलेला पाना पुन्हा पुसला.

"आणि निघायच्या आधी बॉनेट उघडून खाली हात फिरवायचा. रोज. ओलं लागलं तर गाडी हलवायची नाही."

"मला शिकवतेस?"

"हो."

मधुकरनं स्क्रूड्रायव्हर खिशातून बाहेर काढला.

"लाव," तो म्हणाला. "तुझ्या समाधानाला."

तिनं मीटर लावलं. ड्रायव्हरच्या तोंडाशी लावतात तसं नाही. काचेपाशी, बाहेरच्या बाजूला तोंड करून, एका कडेला, जिथून वर उचललेल्या बॉनेटच्या बाजूनं ते दिसेल. हिरामणनं ते पाहिलं. टॉवेलानं तेवढी काच पुसून दिली.

या वेळी गाडी तिसऱ्या प्रयत्नाला सुरू झाली, खोकत, जुन्या गाडीसारखी. काचेच्या फिल्टरमध्ये पेट्रोल सावकाश चढलं आणि थांबलं. मधुकर वाकला. मग सरळ झाला, बॉनेटला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेला, आणि तिथून वाकला. त्यानं खोल श्वास घेतला. डोळे उघडे होते.

पाव फेरा. थांबला. काचेकडे पाहिलं. आणखी थोडा.

"आलं बघ," तो म्हणाला.

"कळलं नाकाला?"

"कळलं."

"बरं," क्षिप्रा आतून म्हणाली. तिच्या दोन्ही मुठी स्टिअरिंगवर आवळलेल्या होत्या.

हिरामण मागून ओरडला, "भाऊ, आता काय वास नाय!"

जयमालानं आदल्या वर्षी पावसाळ्याच्या आधी स्वयंपाकघरात गॅसचा अलार्म बसवून घेतला, ओट्याच्या खाली, बी विंगमधला एकमेव, आणि मधुकरला सांगितलं की सोसायटीनं सगळ्यांना सक्ती केली आहे.